वाऱ्याची जागा

एस. टी.च्या अगदी शेवटच्या बाकावर बसून ज्याने लहानपणी खेड्यापाड्यांचा प्रवास केला आहे, त्याला एक कोडे पडलेले असतेच. गाडी पुढे धावते, धुरळा मागे उडतो. न्यायाने पाहिले तर त्या धुरळ्याने मागच्या मागे राहावे. परंतु तसे कधी होत नसे. तो गाडीच्या पाठीशी वळसा घेई, मागच्या खिडकीच्या फटीतून आत शिरे आणि शेवटच्या बाकावरच्या मंडळींच्या टोप्यांवर, मिशांवर आणि फडक्यात बांधलेल्या भाकरीवर सारख्याच ममतेने बसे. पुढच्या बाकावरची माणसे मात्र कोरी करकरीत! मी चौथीत असताना वडिलांना याचे कारण विचारले होते. "नीट धरून बस," एवढेच उत्तर मिळाले. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. अलंकार, वृत्ते आणि संतवाङ्मय यांत धुरळ्याचे उत्तर नव्हते, आणि मीही ते कोडे विसरून गेलो. ते सुटले तब्बल पस्तीस वर्षांनी, शिरूर मुक्कामी, एका शर्यतीच्या मोटारीच्या पाठीमागे उभे असताना.

शर्यतीची मोटार आणि मराठीचा प्राध्यापक यांची गाठ कशी पडली, ते आता सांगतो.

होळीच्या आधीच्या आठवड्यात मला एक फोन आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील बोलत होते. हा विद्यार्थी वर्गात फार चमकला अशातला भाग नाही. 'माझा आवडता ऋतू' या विषयावर त्याने ट्रॅक्टरच्या इंजिनाविषयी चार पाने लिहिली होती आणि मी त्याला, ऋतूचे नाव नसतानाही, निम्म्याहून अधिक गुण दिले होते. ते तो विसरला नव्हता. पुढे तो रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला, पैसे साठवले, एक जुनी मोटार घेतली आणि तिची शर्यतीची मोटार केली. एवढे मला ठाऊक होते. पुढचे वडिलांनी सांगितले. गेल्या हंगामात दक्षिणेतल्या एका धावपट्टीवर वेगाच्या वळणात गाडीचे बूड सुटले, गाडीने दोन गिरक्या घेतल्या आणि ती टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. पोराला खरचटलेसुद्धा नाही. पण त्या गिरक्यांचे चित्र कोणीतरी मोबाईलवर पाठवले आणि ते त्याच्या आईने पाहिले.

"रातची झोपत न्हाई ती," वडील म्हणाले. "सर, पोरगं तुमचा शब्द पाळतंय. तेवढी ती गाडी इकायला सांगा."

आपला शब्द कोणी पाळतो, असे कानांवर पडले की शिक्षकाचे डोके ठिकाणावर राहत नाही. माझेही राहिले नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वाकडेवाडीहून शिरूरच्या गाडीत बसलो.

पुण्याहून शिरूर सुमारे पासष्ट किलोमीटर. वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिक्रापूर अशी गावे एकामागून एक येतात. येतात म्हणजे काय, आता ती एकमेकांना चिकटलीच आहेत. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण याच वाटेने पायी कोरेगावपर्यंत आली आणि दुसऱ्या दिवशी तिथे इतिहास घडला. ती रात्रीतून जेवढे चालली, तेवढे अंतर सकाळच्या रहदारीत कापायला आमच्या गाडीने घेतलेला वेळ पाहता, प्रगतीविषयी फार मोठ्याने बोलू नये असे वाटले. रांजणगाव आले. उजव्या-डाव्या हातांचे उतारू महागणपतीला नमस्कार करते झाले. अष्टविनायकांपैकी हा एक. आणि त्याच्या पंचक्रोशीतच मोटारी तयार होतात. २००९ पासून काही वर्षे इथल्या फियाटच्या कारखान्यातून 'पुंटो' नावाची छोटी गाडी बाहेर पडत असे; पुढे तीही बंद झाली आणि २०१७ पासून तिथे जीप तयार होऊ लागल्या. माझ्या विद्यार्थ्याची गाडी म्हणजे ही पुंटोच. जिथे जन्मली, तिथून पंधरा-वीस किलोमीटरांवर तिने दुसरा जन्म घेतला होता.

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदी म्हणतात. गाव नदीचे, आणि नदी घोड्याच्या नावाची. नदीच्या अंगाला, गावापासून थोडी बाहेर यांची वस्ती. पत्र्याचा गोठा, दारात कडुनिंब, ओसरीला बाज. वडील बाजेवर बसले होते. वय पासष्टीच्या पुढचे, अंगाने शेलाटे, आणि डोळे असे, की आपण बोलायच्या आधीच त्यांना सगळे समजले असावे. घरात त्यांना 'आण्णा' म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.

चहा झाला. मी गोठ्याकडे पाहिले. चार दावणींपैकी दोन रिकाम्या होत्या. त्या घासूनपुसून स्वच्छ ठेवल्या होत्या, आणि स्वच्छ रिकामी दावण ही फार बोलकी गोष्ट असते. आण्णा एके काळचे बैलगाड्याचे शौकीन. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात यात्रेला घाटातल्या शर्यती होतात. घाट म्हणजे चढाची आखीव धाव. निशाण पडते, 'भिर्रर्र' अशी हाळी उठते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बारी संपते. २०१४ च्या ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तरी वाद चालूच राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. जनावरांच्या हालांविषयी जे लोक कळवळून बोलत होते, त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आणि बैलाला लेकरासारखा खुराक देणाऱ्या आण्णांचे दुःखही खोटे नव्हते. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आण्णांची जोडी विकून पाच वर्षे झाली होती. पळणारी जोडी सांभाळायला लागणारा खर्च नुसत्या आशेवर कोण करणार?

"बापाचं याड पोरानं उचललं," ते म्हणाले, "निस्तं जनावर बदललं."

मग आम्ही ते जनावर पाहायला गोठ्यामागच्या शेडात गेलो.

पांढरी, छोटी, आतून सगळी सोललेली गाडी. पुढची एक खुर्ची तेवढी राखलेली, बाकी नुसत्या लोखंडी नळ्यांचा पिंजरा. आणि पाठीमागे, डिकीच्या दारावर, काचेच्या खालच्या अंगाला, आडवा बसवलेला एक काळा पंख. सव्वा मीटर लांब, एक वीत रुंद. पंख म्हटल्यावर मला जटायू आठवला. मी तसे बोललोही.

"सर, जटायूचा पंख उचलतो. हा दाबतो," विद्यार्थी हसून म्हणाला. "विमानाचा पंख उलटा करून लावलाय असं समजा."

नंतरच्या अर्ध्या तासात गुरू-शिष्यांच्या जागा बदलल्या. त्याने जे सांगितले ते माझ्या बुद्धीप्रमाणे असे. धावत्या गाडीच्या टपावरून वारा कमानीसारखा जातो आणि ती कमान गाडीची पाठ थोडी वर उचलते. इंजिन पुढे, ओढणारी चाकेही पुढचीच. त्यामुळे अशा गाडीचे बूड मुळातच हलके असते. वेगाच्या वळणात ते आणखी हलके झाले की मागची चाके जमीन सोडत नाहीत, पण पकड सोडतात. तिथे वजन हवे. पण खरे वजन घातले तर गाडी मंद होणार. म्हणून वाऱ्याकडूनच उसना दाब घ्यायचा. हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५० किलोमीटर वेगाला एवढ्या पंखाने तीस किलोंचा दाब दिला, तर ७५ ला तो जेमतेम साडेसात किलो उरतो. म्हणजे बाजारात भाजी आणायला निघालेल्या गाड्यांवर जे पंख दिसतात, ते केवळ मिशीला पीळ द्यावा तसे!

ही कल्पनाही काही आजची नव्हे. मिखाएल माय नावाच्या एका तरुण स्विस इंजिनिअराने १९५६ साली आपल्या पोर्शे गाडीवर, चालकाच्या डोक्यावर येईल असा पंख बसवून नुर्बुर्गरिंगला आणला होता. आयोजकांनी तो उतरवायला लावला. पुढे दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, अमेरिकेत जिम हॉल यांनी आपल्या चॅपरल गाडीवर उंच पंख उभारला आणि मग दोनतीन वर्षांत सगळ्या शर्यतींत पंखांचे रान माजले.

"मग तुझ्या गाडीला पंख असून ती का फिरली?" मी विचारले. प्राध्यापकाला एवढी शंका यायलाच हवी.

तो गप्प राहिला. ही गोष्ट त्यालाही नीट कळली नव्हती. पंख त्याने चित्रात पाहून बसवला होता. चित्रातली गाडी मागे लांब डिकी असलेली, सेडान जातीची होती. त्याची हॅचबॅक, म्हणजे पाठ एकदम तुटलेली. पकड वाढेना म्हणून त्याने पंखाची मागची कड उचलून कोन वाढवत नेला होता. तरीही बूड सुटलेच.

आण्णा इतका वेळ शेडाच्या दारात उभे होते. ते पुढे आले आणि मागच्या काचेवर बोट फिरवून म्हणाले, "काल धुतलीस ना रं? मग एवढा फुफाटा कुठनं बसला?"

शेजारी त्यांच्या भाच्याची डिकीवाली गाडी उभी होती. दोन्ही गाड्या त्याच सकाळी, त्याच रस्त्याने आल्या होत्या. हिची मागची काच लख्ख, तिची मातीने माखलेली. आणि मला एस. टी.चा तो शेवटचा बाक आठवला! मी माझे चौथीतले कोडे सांगितले. विद्यार्थी एकदम उडालाच. वारा टपाची मागची कड सोडून सरळ पुढे जातो. तुटक्या पाठीला धरून तो खाली उतरू शकत नाही. मग पाठीशी एक पोकळी राहते, तिच्यात वारा भोवऱ्यासारखा उलटा फिरतो आणि रस्त्यावरचा धुरळा उचलून काचेवर आणून टाकतो. म्हणून तर अशा गाड्यांना मागच्या काचेलाही वायपर द्यावा लागतो. एस. आर. अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीच्या आकाराच्या साध्या ठोकळ्यावर प्रयोग करून १९८४ साली दाखवून दिले होते, की पाठीचा उतार साधारण ३० अंशांपर्यंत असेल तर वारा कसाबसा तिला धरून राहतो; त्याहून तिरपी झाली की कड सोडून देतो. पुंटोची पाठ तर त्याहून कितीतरी उभी. हे सारे त्याने वाचले होते. पण आपला पंख नेमका त्या भोवऱ्यात बसवला आहे, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. धुरळा रोज सांगत होता, पण धुरळ्याचे कोण ऐकतो?

आण्णा काही न बोलता गोठ्यात गेले आणि आतून एक लाकडी तिपाई घेऊन आले. पुरुषभर उंचीची, काळी पडलेली. धान्य उफणायची. आता मळणीयंत्र आल्यापासून तिला काम नाही, पण त्यांनी ती टाकली नव्हती.

"ज्वारी उपणाया ह्याच्यावर का चढत हुतो आम्ही? हौस म्हनून?" ते म्हणाले. "भुईवर वारं खुळं असतंय. घर आडवं येतं, बाभळ आडवी येती, गंज आडवी येती. खाली उभा ऱ्हायलास तर भुसा तुझ्याच डोळ्यात. वर चढलं, की वारं शानं हुतं. आधी वारं शोध, मग पाटी हलव."

मी गाडी विकायला सांगण्यासाठी आलो होतो, हे त्या क्षणी आम्हां तिघांनाही आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग ठरला. रस्त्यावर असले खेळ करायचे नाहीत, ही आण्णांची अट. एका बंद पडलेल्या खडीमशीनकडे जाणारा खाजगी, सरळ डांबरी रस्ता होता. मालकाची परवानगी काढली आणि दोन्ही तोंडांना माणसे उभी केली. पंख काढून ठेवला. विद्यार्थ्याच्या आईने स्वेटरची लाल लोकर दिली. देताना ती काही बोलली नाही. मात्र तुकडे तिने स्वतः, सगळे सारख्या मापाचे, कापून दिले. ते टपावर, काचेवर आणि डिकीच्या दारावर चिकटवले. गाडीच्या मागे एक उभी काठी घट्ट बांधली आणि तिच्यावर चार चार बोटांच्या अंतराने लोकरीचे धागे बांधले. विद्यार्थी ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी चालवणार आणि आम्ही दुसऱ्या गाडीतून, शेजारून, त्या धाग्यांची चित्रे घेणार. आण्णा माझ्याशेजारी बसले. पोराच्या गाडीच्या इतक्या जवळ ते त्या अपघातानंतर प्रथमच जात होते.

धाग्यांनी सगळी कुंडली मांडली. टपावरचे धागे शिस्तीत मागे झुकले होते. काचेवरचे वेड्यासारखे फिरत होते. काही तर चक्क पुढे, वर तोंड करून उभे! पंख जिथे बसवला होता, तिथले धागे कधी इकडे, कधी तिकडे. काठीवर मात्र वर वर जावे तसे धागे शांत होत गेले. टपाच्या मागच्या कडेच्या पातळीला ते अजून थरथरत होते. तिथून वीतभर वर ते ताणलेल्या दोरीसारखे स्थिर होते.

"ते बघा, शानं वारं," आण्णा म्हणाले.

आता अडचण अशी, की पंख वाटेल तेवढा उंच नेता येत नाही. त्याच्या शर्यतीच्या वर्गात पंख टपाहून उंच नको आणि मागे बंपरच्या बाहेर नको, असा दंडक आहे. पण इथेही एक सोय निघाली. गाडीचे टप मध्ये, चालकाच्या डोक्यावर, सर्वांत उंच असते आणि मागे उतरत येते. सर्वांत उंच जागेवरून दोरी सरळ मागे ताणून पाहिली, तर टपाची मागची कड त्या दोरीहून चांगली सहा बोटे खाली भरली. म्हणजे नियम पाळूनही पंख कडेच्या सहा बोटे वर येणार. आणि जसा मागे सरकवावा तसा, वारा खाली कलत असल्यामुळे, तो पोकळीपासून आणखी सुटा होणार. पंखाची खालची बाजू मोकळी राहणे फार महत्त्वाचे, कारण दाबणाऱ्या पंखाचे खरे काम खालच्या अंगाला चालते. तिथे वारा वेगाने जातो आणि पंखाला खाली ओढतो. खाली भोवरा असला तर वरचा वारा कितीही चांगला असो, उपयोग नाही.

दुसरे लक्षात आले ते कोनाचे. काठीवरचे स्थिर धागेही जमिनीला समांतर नव्हते. ते सात-आठ अंश खाली कललेले होते. म्हणजे जमिनीशी सपाट बसवलेल्या पंखालाही तिथला वारा सात-आठ अंशांनीच भेटणार. त्यावर आणखी बारा-पंधरा अंश चढवले, तर वारा पंखालाही सोडून देईल. दाब जाईल आणि नुसती ओढ उरेल. कोन जमिनीशी मोजायचा नसतो, वाऱ्याशी मोजायचा असतो! मला हे वाक्य वर्गात कुठेतरी वापरता येईल असे वाटले, पण ते कशाला लागू करावे हे अजून सुचलेले नाही.

विद्यार्थी खूश झाला. "म्हणजे मागे टोकाला, टपाच्या उंचीला. झालं!"

"झालं न्हाई," आण्णा म्हणाले. "गाडी उलाळ हुईल की."

'उलाळ' हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! बैलगाडीत आसाच्या मागे ओझे जास्त झाले, की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. ती गाडी उलाळ. शब्दकोशात हा शब्द मी पाहिला होता. त्याचे गणित मात्र त्या दिवशी पाहिले. पंख मागच्या आसाच्या जवळजवळ पाऊण मीटर मागे येत होता आणि पुंटोच्या दोन आसांतले अंतर २५१ सेंटिमीटर. तिथे तीस किलोंचा दाब पडला, तर मागच्या चाकांवर तीस नव्हे, एकोणचाळीस किलो चढतात. आणि ते वरचे नऊ किलो पुढच्या चाकांवरून येतात. शिवाय वारा पंखाला मागे ओढतो. पाच किलोंची ओढ दीड मीटर उंचीवर धरली, तर पुढून आणखी तीन किलो जातात. पुढची चाके अशी बारा किलोंनी हलकी. आणि या गाडीत ओढणारी चाके पुढची, वळणारीही पुढचीच! बूड सांभाळायला जावे, तर तोंड सरळ कुंपणाकडे.

म्हणून पंख अगदी टोकाला न नेता वाऱ्याची जागा राखून चार बोटे पुढे घ्यायचा, कोन कमी ठेवायचा, आणि पुढच्या बंपरखाली जमिनीलगत एक फळी बसवून पुढेही थोडा दाब मिळवायचा, असे ठरले. बाप-लेक जमिनीवर काटकीने रेघा ओढून भांडत होते. मी कडुनिंबाखाली बसून माझ्या वकिलातीचा बोजवारा पाहत होतो.

नव्या जागेसाठी नवे खांब हवे होते, आणि ते काम करणारा मिस्त्री दौंडला. तेव्हा तिसऱ्या प्रहरी पंख पोत्यात गुंडाळून 'छोटा हत्ती'त ठेवला आणि आम्ही तिघे न्हावऱ्याच्या रस्त्याने निघालो. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच खुडलेल्या ज्वारीची राने. न्हावऱ्याहून इनामगाव फार दूर नाही. १९६८ पासून पुढे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथे उत्खनन केले आणि घोडनदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी जव पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची अख्खी वस्ती उजेडात आणली. जव पिकवत होते, म्हणजे ते उफणत असणार. उफणत होते, म्हणजे याच माळावर उभे राहून याच वाऱ्याची वाट पाहत असणार. कोइम्बतूरची करी धावपट्टी २००३ सालची, मद्रासजवळच्या इरुंगट्टुकोट्टईची १९९० ची. वाऱ्याशी आमची ओळख त्याहून बरीच जुनी आहे, असे वाटून मला उगीचच बरे वाटले.

भीमा ओलांडली, चौफुल्याला सोलापूरचा हमरस्ता धरला आणि पाटसवरून दिवेलागणीला दौंडात शिरलो. शिरूर घोड्याचे, तर दौंड इंजिनाचे गाव. पुण्याकडून मनमाडला जाणारी गाडी इथे आली, की तिचे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडत. पुढचा डबा मागचा होई आणि खिडकीतून पुढे पाहत आलेला उतारू पाठमोरा प्रवास करू लागे. आता बाहेरून कॉर्ड लाइन झाल्याने हा फेरा बऱ्याच गाड्यांना चुकला आहे. मिस्त्री रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. रुळांपासून हाकेच्या अंतरावर त्यांची लहानशी शेड. त्यांनी पोते सोडले, पंख हातांत तोलला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा आधी कशाला धरला होता?"

"डिकीच्या दाराला."

"पत्र्याला?" मिस्त्रींनी पंख खाली ठेवला. "तीस किलो म्हणता. ते काय ठेवल्यासारखे गपगुमान बसतील? खड्ड्यात हिसका बसेल, भोवऱ्यात थरथरेल. पत्रा एक दिवस फाटेल. सांगाड्याला धरला पाहिजे."

तेव्हा विद्यार्थ्याने हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. १९६९ च्या मे महिन्यात बार्सिलोनाच्या मोंजुइक टेकडीवरच्या शर्यतीत ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांचे उंच पंख धावता धावता मोडले. दोन्ही गाड्या एकाच भागात, काही फेऱ्यांच्या अंतराने कठड्यावर गेल्या. रिंट जखमी झाला. त्याच महिन्यात मोनॅकोला उंच पंखांवर बंदी आली. पंख नसलेल्या गाडीला आपण हलके आहोत हे ठाऊक असते. पंख असलेला चालक मात्र त्या दाबाच्या भरवशावर वळणात शिरतो, आणि पंख तिथेच मोडला तर त्याला सावरायला क्षणही मिळत नाही. ही गोष्ट त्याने बापासमोर प्रथमच सांगितली असावी. सांगून झाल्यावर तो आण्णांकडे न पाहता पंखाकडेच पाहत राहिला.

आण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग मिस्त्रींना म्हणाले, "जाड पट्टी घाला. पैशाकडं बघू नगा."

माझ्या कामगिरीचा निकाल हा असा लागला.

रात्रीच्या गाडीने मी पुण्याला परत निघालो. फलाटावर सोडायला आण्णा आले होते. पोरगा मिस्त्रींपाशी थांबला होता. शेडातून वेल्डिंगचा निळा उजेड मधूनच झळकत होता. मी म्हणालो, "आण्णा, तुम्ही सांगितलं होतं ते काम काही माझ्या हातून झालं नाही. वहिनींना काय सांगणार?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "मी बारीला उभा ऱ्हायचो तवा बी ती झोपत नव्हती. पर तवा बैलाच्या अंगाखांद्यावरनं हात फिरवून, खूर बघून, आस हलवून मगच मी गाडा सोडायचो, हे तिला म्हाईत हुतं. ह्यो पोरगा चित्र बघून पंख लावतोय म्हणल्यावर ती कशी झोपंल? आता मी बघितलंय, एवढं सांगतो."

गाडी सुटली. बसायला जागा नेमकी शेवटच्या डब्यात मिळाली. पण आता मला त्याचे कारण ठाऊक होते, आणि कारण कळलेला धुरळा डोळ्यांत गेला तरी तेवढा झोंबत नाही.

पावसाळ्यानंतर, हा लेख लिहायला घेण्याच्या थोडे आधी, विद्यार्थ्याचा फोन आला. नव्या पंखानिशी तो शर्यतीत उतरला होता. बक्षीस मिळाले नाही, पहिल्या पाचांतही आला नाही. पण वेगाच्या वळणात बूड जाग्यावर राहिले. घरी फोन केला तेव्हा आईने आधी खुशाली विचारली आणि मग फोन आण्णांकडे दिला.

"मागचं सुटलं का?" त्यांनी विचारले.

"न्हाई, आण्णा."

"आन् पुढचं?"

"थोडं थोडं सरकतंय. लई वळवावं लागतंय."

"मग उलाळ हाय अजून," आण्णा म्हणाले. "घरी आण. दोन बोटं पुढं घेऊ."